युरोप बरंचसं पाहून झालंय, आता पुढे कुठे?

उंबरठा

नमस्कार मंडळी. धागा मोठा आहे, वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

आम्ही दोघं, मी ५८ आणि हे ६३, पुण्यात राहतो. पहिल्यांदा युरोपला गेलो २००९ मध्ये, टूर कंपनीबरोबर, १४ दिवसांत ९ देश. त्यानंतर सगळं स्वतः आखून. स्वित्झर्लंड दोनदा झालं, पॅरिस, अख्खं इटली सिसिली सोडून, व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट, स्कॉटलंड, नॉर्वे, दोन वर्षांपूर्वी ग्रीस, गेल्या वर्षी स्पेन. म्हणजे नवखे नाही, तिकिटं, हॉटेल, ट्रेन सगळं जमतं.

अडचण वेगळीच आहे. गेल्या वर्षी व्हॅलेन्सियात एका चौकात कॉफी घेत बसलो होतो, समोर चर्च, बाजूला कारंजं, आणि हे म्हणाले, "हे आपण आधी पाहिलंय का ग?" आणि खरं सांगते, मीही क्षणभर गोंधळले. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की पैसे, सुट्टी, तब्येत सगळं मोजून मापून जायचं आणि सगळं एकसारखंच वाटायला लागलं तर काय उपयोग.

आमच्या अटी: गणपती विसर्जनानंतर निघायचं आणि दिवाळीच्या आत घरी. यंदा दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे त्यामुळे बरीच मोकळीक आहे. १५-१६ दिवस. गाडी चालवणार नाही, ट्रेन किंवा बस. यांचे गुडघे फार चढउतार सहन करत नाहीत. हे पक्के शाकाहारी, मी अंडं खाते. बजेट दोघांचं मिळून ५ लाखांच्या आत.

मनात आहे ते: पोर्तुगाल, क्रोएशिया-बोस्निया-मॉन्टेनेग्रो, बाल्टिक देश. लेक पोलंड म्हणतेय पण मला वाटतं तिथे नुसत्या युद्धाच्या आठवणी, मन जड होऊन परत येऊ.

तुम्ही कसं ठरवता?

रेल्वेवेडा

ताई, आधी व्हिसाचं सांगतो कारण बाकी सगळं त्यावर अडतं. मागच्या तीन वर्षांत तुमचे दोन शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) नीट वापरून झालेत, ग्रीस आणि स्पेन. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी जो नियम आलाय त्यात अशा लोकांना दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असली पाहिजे. कव्हरिंग लेटरमध्ये जुन्या व्हिशांच्या तारखा लिहून तसं स्पष्ट मागा. फी आता ९० युरो आहे माणशी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ऑगस्टची वाट बघू नका.

बाल्कनला जायचं असेल तर मल्टिपल एंट्री लागतेच. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो नाहीत. म्हणजे क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून बोस्नियातल्या मोस्तारला गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात, परत आलात की पुन्हा एंट्री. आमच्या ओळखीत एका एजंटने सिंगल एंट्रीवर असा कार्यक्रम बांधून दिला होता, तो घरी बसून तपासला म्हणून वाचले. चालू मल्टिपल एंट्री शेंगेन असला की भारतीयांना बोस्निया, मॉन्टेनेग्रो, अल्बेनियात वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, पण निघायच्या आधी त्या त्या वकिलातीच्या साइटवर बघाच.

माडाचीसावली

पोर्तुगाल! मी मडगावची, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं असणार हे धरून वाचा. लिस्बनमध्ये पहिल्याच दिवशी एका साध्या कॅफेत काचेआड 'शामुसा' दिसला, आपला समोसाच, इकडून तिकडे गेलेला (ताई, तो बहुतेकदा मांसाचा असतो, यांना विचारून द्या). दारावरची आडनावं वाचताना असं वाटत होतं की शाळेचा हजेरीपट वाचतेय. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे, तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. आनंद नाही, राग पण नाही, वेगळंच काहीतरी. माझ्या आजीने १९६१ च्या आधीचा आणि नंतरचा गोवा दोन्ही जगलेला, ती तिथे असती तर काय म्हणाली असती हेच मनात येत राहिलं.

फक्त गुडघ्यांचं बघा. लिस्बन आणि पोर्तो म्हणजे चढच चढ आणि ते पांढरे गुळगुळीत दगड पावसात घसरतात. ऑक्टोबर संपत आला की पाऊस पण सुरू होतो. त्यापेक्षा एव्होराला चढ कमी आहे, आणि पोर्तोहून दोरू नदीच्या काठाने जाणारी ट्रेन, खिडकीशी बसून नुसतं बघायचं.

निळीसायकल

बोस्निया. बाकी कशाचा विचारही करू नका.

लोक मोस्तारला दुब्रोव्हनिकहून डे ट्रिप करतात, पूल बघतात, त्यावरून उडी मारणाऱ्या पोरांचे फोटो काढतात आणि चार वाजता परत. तो पूल १५६६ चा, नोव्हेंबर १९९३ मध्ये तोफांनी पाडला, २००४ मध्ये पुन्हा बांधून झाला. पण रात्री गर्दी गेल्यावर तिथे उभं राहिलं तरच तो पूल काय आहे ते कळतं. आणि सारायेव्हो! बाश्चार्शियात तुम्ही इस्तंबूलसारख्या बाजारात असता, आणि त्याच रस्त्याने सरळ चालत गेलात की पाच मिनिटांत व्हिएन्ना. १९१४ साली ज्याच्याजवळ ऑस्ट्रियाच्या युवराजाला, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला, गोळी घातली तो लॅटिन पूल वाटेतच. १९९२ ते ९६ शहराला वेढा पडला होता, १,४२५ दिवस. विमानतळाखालून खणलेला बोगदा आहे, सुमारे ८०० मीटरचा, त्यातून पीठ, औषधं, माणसं ये-जा करायची. त्यातला थोडासा भाग आता चालून बघता येतो. मी ज्यांच्या घरी राहिलो त्या बाई वेढ्याच्या वेळी १२ वर्षांच्या होत्या. त्यांनी कॉफी करून दिली, तांब्याच्या छोट्या भांड्यात, आणि म्हणाल्या आम्ही तेव्हा पण कॉफी प्यायचो, डाळ भाजून, कुटून. हे कुठल्या म्युझियममध्ये मिळणार?

शाकाहाराचं: तिथे 'बुरेक' म्हणजे फक्त खिम्याचा. चीजचा 'सिर्नित्सा', पालकाचा 'झेल्यानित्सा', बटाट्याचा 'क्रोम्पिरूशा'. ही तीन नावं पाठ केली की काका उपाशी राहणार नाहीत.

कऱ्हाकाठ

माझा प्रश्न जरा वेगळा. ताई, जिथे जिथे गेलात त्यातलं आज डोळे मिटल्यावर काय दिसतं? फोटो न बघता सांगा. त्यावरून पुढचं ठिकाण ठरेल असं मला वाटतं. आम्ही पण १२-१३ देशांनंतर असेच अडकलो होतो, मग देश निवडणं सोडलं आणि एकेक धागा धरून जायला लागलो. यांना छपाईची आवड म्हणून माइन्झ आणि अँटवर्प, बस, दोनच गावं, ११ दिवस. अँटवर्पला प्लांटिन-मोरेटसचं जुनं छापखान्याचं घर आहे, तिथे आम्ही तीनदा गेलो. कंटाळा नाही आला.

उंबरठा

कऱ्हाकाठ, तुमच्या प्रश्नाने रात्री झोप लागेना, शेवटी उठून वहीत लिहून काढलं.

आयफेल टॉवर नाही दिसत. दिसतं ते असं. स्कॉटलंडमध्ये एका छोट्या स्टेशनवर ट्रेन रद्द झाली तेव्हा स्टेशनमास्तर बाईंनी आम्हाला आत बोलावून हीटरजवळ बसवलं. बुडापेस्टमध्ये डॅन्यूबच्या काठावर लोखंडाचे बूट मांडून ठेवलेत, दुसऱ्या महायुद्धात ज्या ज्यूंना तिथे उभं करून गोळ्या घातल्या त्यांच्या आठवणीसाठी, त्यात एक लहान मुलाचा बूट होता आणि कुणीतरी त्यात फूल ठेवलं होतं. आणि नेपल्समधली एक आजी, दोरीला टोपली बांधून तिसऱ्या मजल्यावरून भाजी वर ओढत होती, अगदी माझी आत्या कोल्हापुरात शनिवार पेठेतल्या माडीवरून ओढायची तशी.

लिहिल्यावर लक्षात आलं, सगळी माणसंच आहेत. इमारत एकही नाही.

शाहूपुरीकर

थांबा थांबा. ताई तुमी कोल्हापूरच्या? आणि पोलंड नको म्हणताय?

अवो वळिवडे विसरला काय! दुसऱ्या महायुद्धात पोलंडची माणसं आपल्याकडं होती की, १९४३ ते ४८, जवळजवळ पाच हजार, बाया आणि पोरंच जास्त. रशियानं त्यांना घरातनं उचलून सैबेरियात, कझाकस्तानात टाकलं होतं, तिथनं सुटून इराणमार्गे हितं आली. वळिवड्याला त्यांचं अख्खं गावच होतं, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं. ती गेली आणि फाळणीनंतर त्याच जागेत सिंधी मंडळी आली, तेच आजचं गांधीनगर. आपण कापड घ्यायला जातो ते. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, लोक त्याच्याजवळनं रोज फिरायला जातात आणि निम्म्यांना ठाऊक न्हाई तो कसला ते.

आणि तिकडं वॉर्सात आपल्या कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पंतप्रधान ऑगस्ट २०२४ ला गेले तेव्हा तिथं फुलं वाहिली, टीव्हीवर दाखवलं होतं. परमुलखात आपल्या गावाचं नाव कोरलंय, बघून यायला नको?

उंबरठा

दादा, अंगावर काटा आला वाचून. आत्ताच आत्याला फोन केला. ती ८९ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं पण हा विषय काढल्यावर अर्धा तास बोलली. ती सात-आठ वर्षांची असताना या पोलिश बायका गावात बाजाराला यायच्या. तिने सांगितलं एक बाई आमच्या गल्लीत यायची, आजीकडून लिंबाचं लोणचं मागून घ्यायची, आणि बदल्यात तिने आजीला लोकरीचं काहीतरी विणून दिलं होतं. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. हे मला ५८ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

निळीसायकल

भावना समजतात, पण थोडा विरोध नोंदवतो. आपल्याकडचं कनेक्शन शोधत परदेशात फिरायचं हे मला पटत नाही. एका स्मारकासमोर दहा मिनिटं उभं राहाल, फोटो काढाल, उरलेले १५ दिवस काय? ज्या जागेचा आपल्याशी काही संबंध नाही तिथे जाऊन तिथल्या माणसांचं ऐकून घ्यावं, याचसाठी तर घर सोडायचं.

कऱ्हाकाठ

निळीसायकल, मुद्दा मान्य, पण संबंध हे फक्त दार असतं ना. उदाहरण देते. माणगावच्या नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४ ला इटलीत वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना ते मारले गेले. तिथल्या मोंतोने या गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. आम्ही तेवढ्यासाठी अंब्रियात गेलो आणि मग सहा दिवस तिथेच राहिलो. स्मारक अर्ध्या तासात झालं, खरंय. पण ते नसतं तर त्या टेकडीवरच्या गावात आम्ही कधी पाऊल टाकलं असतं?

क्राकुवचीखिडकी

मी नऊ वर्षं क्राकुवमध्ये राहते, नवरा पोलिश आहे. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेच.

उंबरठाताई, "नुसत्या युद्धाच्या आठवणी" हे बाहेरून तसं दिसतं. वॉर्साचं जुनं शहर घ्या. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी शहर ठरवून, एकेक घर करत पाडलं. युद्ध संपल्यावर लोकांनी ते पुन्हा उभं केलं, आणि ते करताना अठराव्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या चित्रकाराची चित्रं समोर ठेवली, कुठे खिडकी, कुठे कमान. तुम्ही चौकात बसाल तेव्हा काका पुन्हा विचारतील हे आधी पाहिलंय का, तर त्यांना सांगा की हा चौक सत्तर-पंचाहत्तर वर्षांचाच आहे, तुमच्याहून थोडासाच मोठा. युनेस्कोने १९८० मध्ये यादीत घेतला तो या पुन्हा बांधण्यासाठीच.

कोल्हापूरचं स्मारक मोन्ते कासिनोच्या (महायुद्धातल्या, इटलीतल्या) लढाईच्या स्मारकाजवळ आहे. ओखोटा भागात 'भल्या महाराजांचा चौक' पण आहे, जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाचा, त्यांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला होता. माझ्या सासूबाईंना मी महाराष्ट्रातली आहे म्हटल्यावर पहिला शब्द आठवला तो 'वालिवाडे'. त्यांच्या शाळेतल्या बाई तिथे वाढल्या होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे दिवाळीपर्यंत वेळ आहे तर १ नोव्हेंबर इथे घालवा. त्या दिवशी सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला जातो. काचेच्या रंगीत भांड्यातल्या मेणबत्त्या असतात, 'झ्निचे' म्हणतात, वरून झाकण असतं म्हणून वाऱ्यात विझत नाहीत. अंधार पडला की क्राकुवचं राकोवित्स्की कबरस्तान नुसतं उजळून निघतं, हजारो हजारो दिवे, आणि माणसं हळू आवाजात बोलत फिरत असतात, लहान मुलं पण. ज्या कबरींना कुणी उरलं नाही तिथेही अनोळखी लोक दिवा ठेवून जातात. मी इथे आले त्या पहिल्या वर्षी घरच्या दिवाळीच्या आठवणीने रडकुंडीला आले होते, सासूबाई मला तिथे घेऊन गेल्या. तेव्हापासून मी एकदाही चुकवलेलं नाही.

थंडी असेल, ५ ते १० अंश, आणि हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर मागे गेल्यामुळे पाचच्या आत अंधार. १ तारखेला दुकानं बंद, खायचं आदल्या दिवशी आणून ठेवा.

रेल्वेवेडा

हे वाचून मी माझंच तिकीट बघायला लागलो. वॉर्सा ते क्राकुव ट्रेन अडीच तासांच्या आसपास, वॉर्सा ते ग्दान्स्क तीन तासांच्या आत, गाड्या चांगल्या आहेत आणि रस्ता सगळा सपाट, त्यामुळे काकांच्या गुडघ्यांना त्रास नाही. ग्दान्स्क सोडू नका, १९८० चा गोदी कामगारांचा संप तिथलाच, त्यातून उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचं म्युझियम अर्धा दिवस मागतं. चलन झ्वॉटी आहे, युरो नाही. विमानतळावर पैसे बदलू नका.

मीठभाकर

गुडघ्यांवरून आठवलं, क्राकुवजवळची व्हिएलिच्काची मिठाची खाण सगळे सांगतील. अप्रतिम आहे, शंभर मीटर खाली मिठात कोरलेलं चर्च आहे, पण सुरुवातीलाच पावणेचारशेच्या वर पायऱ्या उतराव्या लागतात. वर यायला लिफ्ट आहे. माझ्या आईला उतरणंच जड गेलं, दुसरे दोन दिवस हॉटेलात. आधी विचार करा.

आणि औश्वित्झची नाझी छळछावणी आणि ही खाण एका दिवसात करून देणाऱ्या टूर मिळतात, तशी घेऊ नका. अकरा लाख माणसं जिथे मारली तिथून निघून तासाभरात खाणीत फोटो काढायचे हे मला सहन झालं नाही. औश्वित्झला प्रवेश फुकट असतो पण ऑनलाइन पास आधी काढावा लागतो. त्या दिवशी संध्याकाळी काहीही ठरवू नका.

क्राकुवचीखिडकी

बरोबर. आणि जायलाच हवं असंही नाही हं, ज्यांना झेपत नाही त्यांनी नाही गेलं तरी चालतं. आमच्या घरातले काही जण आजवर गेलेले नाहीत.

काकांच्या जेवणाचं: 'बार म्लेच्नी' शोधा, साधी स्वस्त खाणावळ असते, ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचे 'पिएरोगी रुस्किए' (उकडलेल्या करंज्यांसारखे) मागा, पण त्यावर बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून "बेझ स्क्वारेक" म्हणा. बटाट्याची थालीपिठं असतात, 'प्लात्स्की'. सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, भाजीचं दिसलं तरी आत बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं. आमच्याकडे एक दिवस या, वरणभात करते.

निळीसायकल

१ नोव्हेंबरचं वाचल्यावर माझा विरोध मागे. दोन वर्षांचा व्हिसा मिळाला तर पुढच्या वर्षी बोस्निया, एवढं कबूल करा.

उंबरठा

कबूल!

ठरलं असं. १८ ऑक्टोबरला निघायचं, ३ नोव्हेंबरला परत. वॉर्सा ५ रात्री, ग्दान्स्क ३, क्राकुव उरलेल्या सगळ्या. मध्ये काही घुसवणार नाही, लेक व्रोत्सवाफ पण करा म्हणत होती, तिला नाही म्हटलं. खाण रद्द. औश्वित्झचं हे म्हणाले मी जाणार, मी अजून ठरवलेलं नाही.

या शनिवारी कोल्हापूरला जातेय. आत्याला महावीर गार्डनमध्ये नेऊन तो स्तंभ दाखवायचाय, तिने तो कधी नीट पाहिलेला नाही. तिने एक काम पण सांगितलंय. आजीकडून लोणचं नेणाऱ्या त्या बाईचं नाव तिला आठवत नाही, पण तिच्यासाठी तिकडे एक दिवा लाव म्हणाली. क्राकुवचीखिडकी, नाव माहीत नसलेल्या माणसासाठी कुठे लावायचा? आणि दिवा इथून न्यावा की तिथे घ्यावा?

क्राकुवचीखिडकी

तिथेच घ्या ताई, कबरस्तानाच्या फाटकाबाहेर ओळीने विकायला बसलेले असतात. आत मुख्य क्रूसापाशी एक जागा असते, ज्यांची कबर दूर आहे किंवा माहीत नाही अशांसाठी लोक तिथे दिवे लावतात. मी दरवर्षी माझ्या आजोबांचा तिथेच लावते. काडेपेटी मात्र आठवणीने जवळ ठेवा, वाऱ्यात एका काडीने लागत नाही. ४ वाजता फाटकाशी भेटू.